मोठी आणि छोटी

"ही गाडी नाही हो, दिवाणखाना आहे दिवाणखाना," आमचे हे मोठीच्या बॉनेटवर हात फिरवत म्हणाले.

"आणि ती?" गृहस्थांनी छोटीकडे बोट केलं.

"ती? पत्र्याचा डबा."

जुन्या गाड्या जमवणारे ते गृहस्थ सकाळीच आले होते. आम्ही कायमचं लेकाकडे राहायला निघालो होतो आणि तिथे एकाच गाडीपुरती जागा होती. एक विकायची, हे दोघांनी ठरवलं. छोटी विकायची, हे ह्यांनी एकट्यांनी. मला विचारतंय कोण!

मोठी सासऱ्यांच्या काळातली. लांबलचक नाक, उलटी उघडणारी दारं, परातीएवढं स्टिअरिंग. छोटी आमच्या लग्नानंतर आली. चौकोनी, हलकी, आवाज मात्र चौघींचा. पण दवाखान्यातली माझी अख्खी नोकरी तिनेच निभावली. कधी वाटेत दगा दिला नाही.

मोठी मला कधी चालवायला मिळाली नाही. "जड आहे गं, तुला झेपायची नाही," हे ह्यांचं पालुपद. वजनदार पेशंटला उचलून पलंगावर ठेवणाऱ्या नर्सला गाडी झेपत नाही म्हणे. आधी मी हसण्यावारी नेलं, मग भांडले, मग विचारायचंच सोडून दिलं. सोडायला नको होतं, ही रुखरुख अजून आहे.

"काकू, तुम्ही सांगा," गृहस्थ म्हणाले, "चालवायला दोघींत उजवी कुठली?"

"मला काय ठाऊक? मोठीत मी नुसती बसलेय."

गृहस्थ चपापले. ह्यांनी खिशातून चावी काढून माझ्यापुढे धरली. "जा, एक चक्कर मारून ये."

मी बसले. चावी फिरवताच इंजिन सुरू झालं. छोटीसारखी खडखड नाही, नुसती संथ घरघर. खरंच देखणी गाडी. ह्यांचं कौतुक काही खोटं नव्हतं. मी क्लच दाबला. तो अर्ध्यावर गेला आणि ऑपरेशन झालेल्या गुडघ्यातून कळ निघाली. पुन्हा दाबला. पुन्हा तेच.

"जरा जोर लाव," हे खिडकीशी वाकून म्हणाले. आवाजात टोमणा नव्हता, अजीजी होती.

"जोर होता तेव्हा चावी तुमच्या खिशात होती."

बोलले ते बरंच झालं. पण ह्यांचा चेहरा असा उतरला की मलाच भरून आलं. मी इंजिन बंद केलं.

"मोठी घेऊन जा," हे गृहस्थांना म्हणाले. "छोटी राहू दे. ती हिला चालवता येते."

मग वळसा घालून ते आले, पलीकडचं दार उघडून माझ्या शेजारी बसले. त्या बाजूला ते पहिल्यांदाच बसत होते. माझे हात अजून स्टिअरिंगवरच होते आणि गृहस्थ बाहेर उभे राहून आम्ही उतरायची वाट बघत होते.