वारा झोपलाय, बाबा

हवामान केंद्रातल्या आमच्या खोलीत दोन टेबलं. एक धुळीचं, एक धुराचं. धुळीच्या टेबलावर बसतो तो धूळवाला आणि मी धूरवाली; खरी नावं कुणी घेतच नाही. दर दहा मिनिटांनी उपग्रहाचं नवं चित्र येतं. त्यावर काही पांढुरकं सांडलेलं दिसलं, की तो मान वळवून विचारतो, "तुझं लेकरू की माझं?"

त्या दुपारी लेकरू माझं होतं. डोंगराच्या पाठीवरून निळसर शेपूट निघालं आणि बघता बघता त्यानं अख्खी दरी पांघरली. वस्ती रिकामी करत होते. शाळेतली मुलं नाकाला ओले रुमाल लावून बसमध्ये चढत होती. अग्निशमनवाले फोनवर ओरडत होते, "सुरुवात कुठून झाली तेवढं सांगा! मागं अजून धग असेल तर आमची माणसं मधे सापडतील."

धुराचं मूळ शोधायचं तर चित्रं उलटी चालवायची. दोन. एक पन्नास. एक चाळीस. धूर आखडत गेला, पसरलेला पदर कुणी गोळा करावा तसा. बारा चाळीसला उरला एक ठिपका. त्याखालची जमीन मी मोठी करून पाहिली. ओढ्याचं वळण. दोन गोल टाक्या, एक निळी.

निळी टाकी मी रंगवली होती.

सकाळी बाबांचा फोन आला होता. "चिमणे, बागेत छाटलेल्या फांद्यांचा ढीग पडलाय. पेटवू का? तुझा वारा काय म्हणतो?"

माझ्या हातात चहा होता. आदल्या संध्याकाळचं चित्र डोळ्यांपुढे होतं, सकाळचं उघडलंच नव्हतं. म्हणाले, "वारा झोपलाय, बाबा. संध्याकाळपर्यंत उठत नाही. पेटवा."

"काय गं, भूत पाहिलंस?" धूळवाल्यानं विचारलं.

"आमची बाग पाहिली."

तो उठून आला. पडद्याकडे बघत राहिला. मग हळूच म्हणाला, "एका ठिपक्यात बरीच जमीन मावते. जरा ओढ्यापलीकडे सरकव. तिथं कुणाचंच काही नाही."

मी बाबांना फोन लावला.

"बाबा, कुठे आहात?"

"आत्ताच बागेच्या फाटकाशी आलोय. अगं, पलीकडे डोंगराला कुणीतरी आग लावलीय बघ. मेल्यांना अक्कल म्हणून नाही!"

"तुमच्या फांद्या?"

"त्या केव्हाच विझल्या. बादलीभर पाणी ओतलं आणि जेवायला घरी गेलो. राखेत थोडी धग होती, पण तूच म्हणाली होतीस ना, वारा उठत नाही म्हणून."

"बाबा, ती आग आपली आहे."

 

"शाळा आहे तिकडे," ते म्हणाले.

"मुलं बाहेर काढलीत. तुम्ही रस्त्यावर जा. आत्ता."

"चिमणे, ऐक. वाऱ्याचं तू सांगितलंस हे बोलू नकोस कुणाला. म्हातारा न विचारता पेटवून बसला म्हण. म्हाताऱ्याला कोण काय करतंय?"

झाडावरून पडलेलं फळसुद्धा शेजाऱ्याचं असेल तर परत नेऊन देणारा माझा बाप. मला खोटं शिकवत होता.

"रस्त्यावर जा, बाबा," मी म्हणाले.

ठिपका मी ओढ्याच्या अलीकडेच ठेवला. अहवालाच्या खालच्या शेऱ्याच्या रकान्यात लिहिलं: सकाळी वाऱ्याचा अंदाज मी दिला. चित्र न पाहता.

धूळवाल्यानं वाचलं. "हे कुणी विचारलं नव्हतं तुला."

अहवाल पाठवायच्या बटणावरचं बोट माझं वाटत नव्हतं. मी दाबलं.