मासे टॅनरी फाट्यात आहेत

पाणी गढूळ, लाल मातीची झाक. वारा दक्षिणेचा. रात्री थंडी नाही. डॉगवुडच्या झाडांना फुलं आलीत.

डॉगवुड फुलला की बास मासे अंडी घालायला उथळात येतात, हे टेनेसीच्या त्या तलावावर कुणी कुणाला शिकवत नाही. आणि नेमक्या कुठल्या उथळात येतात, हे कुणी कुणाला सांगत नाही. हर्शेल टॅकेटने तर सख्ख्या भावालाही कधी सांगितलं नव्हतं. फक्त बायकोला सांगायचा. पण ओलेटाला बोटीत बसायची भीती वाटायची, आणि आता ती चर्चमागच्या टेकडीवर मातीखाली होती.

म्हणून त्या शनिवारी रमोनाच्या आमिषाच्या दुकानात जे घडलं ते नवलच होतं.

ते असं. कॉफीच्या किटलीपाशी बर्ल आणि वेंडेल उभे होते. हर्शेल आत आला.

"काय म्हाताऱ्या, मासे कुठे लागताहेत?" बर्लने विचारलं. विचारायचं म्हणून. यावर "असेच, इथे-तिथे" म्हणायचं असतं.

"टॅनरी फाट्यात," हर्शेल म्हणाला.

टॅनरी फाटा म्हणजे तलावाची जमिनीत शिरलेली एक चिंचोळी शाखा. कॉफी ओतता ओतता वेंडेल थांबला.

"उत्तरेच्या काठाला, खडीवर. तिथे ऊन थेट पडतं, पाणी आधी कोमट होतं. गळाला लाल रबरी अळी लावा, तळाला टेकवा आणि सावकाश ओढा. सावकाश म्हणजे, कंटाळा येईल इतकी सावकाश."

मग बर्ल इतका हसला की त्याला गल्ल्याचा आधार घ्यावा लागला.

"रमोना, ऐकलंस का? हर्शेल आपल्याला टॅनरी फाट्यात पाठवतोय!"

"म्हणजे मासे धरणाकडे आहेत," वेंडेल म्हणाला.

"अरे, खरं सांगतोय. मी स्वतः तिथेच असणार. या की. सँडविचं जास्तीची आणलीत."

"सँडविचं पण!" बर्लने डोळे पुसले. "वय झालं लेका तुझं. पूर्वी थापा तरी धड मारायचास."

रमोनाने अळ्यांचं पाकीट पुढे सरकवलं आणि जरा वाकून विचारलं, "बरा आहेस ना रे?"

"बरा आहे."

पाणी कोमट होतंय. वारा पडला.

हिवाळाभर घरात रेडिओ चालू असायचा. एका दुपारी वीज गेली, तेव्हा हर्शेल "अरेच्चा" म्हणाला आणि स्वतःच्याच आवाजाने दचकला. किती दिवसांत तो ऐकला नव्हता. तेव्हाच त्याने ठरवलं, की या वसंतात हाकेच्या अंतरावर दुसरी एक बोट पाहिजे. एकच. पण माणसाला बोलावतात कसं? जेवायला बोलावणं ओलेटाचं काम होतं. त्याच्याकडे लोकांना हवीशी वाटावी अशी एकच गोष्ट होती, ती त्याने आज देऊन टाकली.

आणि कुणी घेतली नाही.

पाणी स्वच्छ, फाट्याच्या आत. तळ दिसतो.

खडीवर ताटाएवढे गोल दिसत होते. नराने अंड्यांसाठी शेपटीने झाडून काढलेले. एकेका गोलावर एकेक नर पहारा देत होता, जागचा हलत नव्हता. हर्शेल त्यांच्या वाटेला गेला नाही. पहारेकरी उचलला की लहान मासे अंड्यांवर तुटून पडतात. तो बाहेरच्या, पाण्यात बुडालेल्या बुंध्यांपाशी गळ टाकत राहिला. अळी तळाला टेकायची, दोरा किंचित सैल पडायचा, मग कुणीतरी हळूच टिचकी मारावी तसं व्हायचं. एक. मग आणखी एक, चांगली जाड मादी, पोट अंड्यांनी टम्म. त्याने तिला दोन्ही हातांत धरून

वर पाहिलं. दाखवायला.

दूर इंजिनांचे आवाज धरणाकडे चालले होते. त्याने मादीला पाण्यात सोडलं.

वारा पुन्हा सुरू. समोरून.

दुपार कलली तेव्हा एक आवाज धरणाकडे न जाता इकडे वळला. वाढत गेला. फाट्याच्या तोंडाशी निळी बोट आली, आणि बोटीत वेंडेल. एकटाच. म्हणजे त्याने विश्वास ठेवला होता, निदान अर्धा!

हर्शेल उठून उभा राहिला आणि त्याने हात उंच करून हलवला.

वेंडेलने आत बघितलं. फाट्यात आधीच बोट, बोटीत माणूस, माणूस हात हलवतोय. दुसऱ्याच्या फाट्यात शिरायचं नसतं, हे त्या तलावावर लहान पोरांनाही ठाऊक. वेंडेलने टोपी उचलून माफी मागितली आणि बोट मागे घेतली.

"ये!" हर्शेल ओरडला. "अरे ये, ये आत!"

त्याच्या ओरडण्याने नव्हे, पण त्याने पाय आपटल्याने, खडीवरचे नर सावल्यांसारखे खोलात पळाले. वारा उलटा होता. वेंडेलचं इंजिन चालू होतं.

हर्शेलने गळ तसाच बोटीत टाकून दिला, इंजिन सुरू केलं, आणि फाट्यातून पाणी उडवत मागे लागला. वेंडेलने मान वळवून पाहिलं. जागा बघून गेला म्हणून चिडलेला म्हातारा मागे येतोय, असंच कुणालाही वाटलं असतं. त्याने वेग वाढवला. वळणापाशी पुन्हा एकदा हात वर केला, चुकलं बाबा, चुकलं, आणि दिसेनासा झाला.

हर्शेलने इंजिन बंद केलं.

निळ्या बोटीने उठवलेल्या लाटा जरा वेळाने त्याच्यापाशी पोचल्या. त्यांनी त्याची बोट एकदा उचलली, खाली ठेवली, पुन्हा उचलली. तो बोटीची कड धरून उभा होता. मग लाटा त्याला मागे टाकून फाट्यात शिरल्या.