गप्प झालेली तबकडी

सुटीच्या दिवशी सकाळी मिस्त्रीने जेवणाच्या टेबलावर वर्तमानपत्र पसरलं आणि त्यावर तो कामाला असलेल्या आरागिरणीतली तबकडी उघडून ठेवली. जुन्या घरांच्या तुळया त्या गिरणीत कापायला येतात. त्यांत खिळे राहिलेले असतात, आणि फिरत्या करवतीला खिळा लागला तर पात्याचे तुकडे उडतात. म्हणून आधी ही लांब दांड्याची तबकडी तुळईवरून फिरवायची. आत धातू असला की ती ओरडते.

ही मात्र काही नसतानाही ओरडायला लागली होती. पंधरा दिवसांपूर्वी मिस्त्रीने तिच्या वायरीला चिकटपट्टी गुंडाळली, ती गप्प झाली आणि सगळ्यांची डोकेदुखी गेली. काल पट्टी सुटली, पुन्हा बोंब सुरू. बोंब मारणाऱ्याचं तोंड आपण आधी बंद करतो, बोंब का मारली ते मग सवडीने विचारतो. मिस्त्री तरी वेगळा कसा असणार?

वायरीचा सैल सांधा त्याने कथिलाचा डाग देऊन पक्का केला आणि बटण दाबलं. हूं की चूं नाही. झालं काम, म्हणत त्याने चहा मागितला.

बायको शिवणाला बसली होती. तिचा धाकटा भाऊ त्याच गिरणीत करवतीवर असतो. आजही जादा कामाला गेला होता. ती उठली आणि हातातली कात्री तिने तबकडीखाली धरली. तबकडी गप्पच. लोखंडी कढई धरली, तरी गप्प.

"अहो, हिला कळतंय तरी का काही?"

मिस्त्री हसला. मग त्याने बॅटरीच्या उजेडात नीट पाहिलं. तबकडीत तारेची दोन वेटोळी असतात. एक साद घालतं, दुसरं धातूकडून आलेलं उत्तर ऐकतं. ऐकणाऱ्या वेटोळ्याची तार तुटली होती आणि तुटक्या टोकांवर हिरवा गंज चढला होता. म्हणजे हे आजचं नव्हतं! तबकडी बहिरी होती, आणि तिच्या भरवशावर त्याने पंधरा दिवस एकेक तुळई मेहुण्यापुढे सरकवली होती.

"तुम्ही आवाज थांबला की नाही, एवढंच बघितलंत," बायको म्हणाली. "एकदा तरी खिळा धरून बघायचा होतात. ओरडत नाही म्हणजे सगळं ठीक, असं कोणी सांगितलं तुम्हाला?"

त्याने फोन लावला. दोनदा नुसता वाजून थांबला. करवतीच्या घरघरीत ऐकू येणार कसा? तिसऱ्यांदा मेहुण्याने उचलला.

"मशीन बंद कर. आत्ताच्या आत्ता."

"अहो भाऊजी, तपासलेलं लाकूड आहे."

"नाही रे. एकही तपासलेलं नाही."

मिस्त्रीने तार जोडली, या वेळी खिळा धरून खात्री केली आणि गिरणी गाठली. करवतीत अर्ध्यावर अडकलेल्या तुळईवर तबकडी नेताच ती किंचाळली. छिन्नीने खोदलं तर बोटभर लांब खिळा निघाला, पात्यापासून जेमतेम वीतभर पुढे.

मेहुण्याने तो खिळा उचलून तळहातावर घेतला. "पंधरा दिवस मी तुमच्या शब्दावर इथे उभा होतो, भाऊजी," एवढंच तो म्हणाला.

आता रोज काम सुरू होण्याआधी तो स्वतः तबकडीची परीक्षा घेतो. पण वाचकहो, प्रश्न एका तबकडीचा नाही. घरात, कचेरीत, रस्त्यावर तक्रार करणाऱ्याला आपण गप्प करतो आणि दोष गेला असं समजून निवांत होतो. शांतता झाली की आधी तपासा. त्या शांततेच्या भरवशावर करवतीपुढे कोणाचं तरी माणूस उभं असतं.