चोवीस खिळ्यांची मॅट

मित्रांनो, तुम्ही आत्ता ज्या मॅटवर बूट न काढता पाय पसरून बसला आहात, ती मी. जुनी आहे, काथ्याची आहे, दोन जागी ठिगळं लावलेली आहे. तुमच्या समोशांचा चुरा माझ्या विणीत शिरतोय, त्याचं मला काही वाटत नाही. वाळू, घाम, थुंकी, सगळं मी आजवर पचवलं आहे. पण फायनल हरल्यापासून गेली वीस मिनिटं तुम्ही जे बोलताय ते मला पचत नाही. "इशिता ऑलवेज चोक्स." "बिग मॅच असली की शी इज यूजलेस." जिने तुम्हाला एकटीने फायनलपर्यंत ओढत आणलं, ती पोरगी तिकडे पाण्याच्या कूलरपाशी बसली आहे, आणि तुम्ही माझ्यावर बसून तिची सालटी काढताय. खरं सांगते, मला किळस आली. हेच शब्द मी पूर्वी एकदा ऐकले आहेत. तेव्हा मराठीत होते, एवढाच काय तो फरक.

आता गप्प बसा आणि ऐका.

माझा जन्म केरळात, अलेप्पीला झाला. नारळाची सोडणं खाऱ्या पाण्यात महिनोन्‌महिने कुजवतात, मग बडवतात, मग त्या काथ्याचे दोर वळतात. इतका मार खाऊन जे उरतं त्यातून माझ्यासारखी मॅट विणली जाते. कोचीहून मी बोटीने दुबईला आले. १९९५ साली सह्याद्री इलेव्हन नावाच्या मराठी टीमने मला विकत घेतलं. टीमचे अध्यक्ष बापू. एसीच्या डक्टचं कंत्राट घेणारा, शारजात गोदाम असलेला, दिलदार म्हणून नाव असलेला माणूस. "नऊशे दिरहम," ते चारचौघांत म्हणाले, "म्हणजे साडेआठ हजार रुपये! जपा रे हिला." जपलं मात्र एकानेच.

त्याचं नाव रणजित. हो, तुमचे रणजित सर. तेव्हा तिशीत होते आणि दुबईच्या एका इंजिनिअरिंग कंपनीत ड्राफ्ट्समन होते. सगळे त्यांना अरे-तुरे करायचे, मीही तेच करते. राहायचा शारजाला. आठवड्याचे सहा दिवस शारजा-दुबई रस्त्यावर गाड्यांच्या रांगेत जायचे, सातवा दिवस, शुक्रवार, माझ्यावर. दुबईतल्या मुहैस्नाहच्या पलीकडे दाबून घट्ट केलेल्या वाळूचं एक मैदान होतं. उजाडता उजाडता मला तिथे अंथरायचे आणि जुम्म्याच्या नमाजाआधी मॅच संपवायचे. मला ताणून बसवायला चोवीस लोखंडी खिळे लागायचे, वीतभर लांब. रणजितने त्यांची डोकी लाल ऑइलपेंटने रंगवली होती, वाळूत हरवू नयेत म्हणून. तो सकाळी ते मोजून ठोकायचा आणि दुपारी मोजून पिशवीत भरायचा. टीमचा कॅप्टन, सगळ्यात भारी बॅट्समन, आणि मला उचलताना एक टोक कायम त्याच्या खांद्यावर. मला उचलायला चार माणसं लागतात. बाकीची तीन दर शुक्रवारी शोधावी लागायची.

तर हा रणजित तीन वर्षं सेमीफायनलला हरला. तीन वर्षं लागोपाठ. त्यात त्याचा दोष किती, हे माझ्याइतकं कोणाला ठाऊक नाही, कारण बॉल पडतो तो माझ्यावर.

पहिल्या वर्षी दोष त्याचाच होता. उगाच कशाला झाकायचं? सरळ येणारा बॉल आडव्या बॅटने मारायला गेला आणि शून्यावर परतला. शेजारच्या मैदानावरचं पोरदेखील असा शॉट खेळलं नसतं. दुसऱ्या वर्षी त्याने एकाहत्तर केल्या. तो आउट झाला तेव्हा दोन ओव्हरमध्ये नऊ रन हवे होते आणि चार विकेट हातात होत्या. ते चारही जण चहा प्यायला गेल्यासारखे आले आणि गेले. त्याआधी फिल्डिंग करताना आमच्याच टीमच्या चारुदत्तने तीन कॅच सोडले होते, एक तर अगदी पोटात आलेला. पण घरी जाताना चर्चा कसली? रणजितने शेवटपर्यंत थांबायला हवं होतं. घ्या, वड्याचं तेल वांग्यावर. चारुदत्तचा आवाज त्यात सगळ्यात मोठा होता.

एव्हाना रणजितच्या कंपनीने त्याला तिकडे लांब, अबू धाबीपलीकडे, रुवैसच्या रिफायनरीच्या कामावर बदली देऊ केली होती. कॉलनीत घर, ओवीला शाळा दारातच. ओवी म्हणजे त्याची मुलगी. बायको पर्णिका म्हणायची, "जाऊ या ना, या ट्रॅफिकमधून तरी सुटू." तो म्हणायचा, एकदा कप जिंकू दे, मग बघू. दोनदा त्याने बदली नाकारली, ती या टीमसाठी आणि शुक्रवारच्या या चार तासांसाठी. मला तेव्हा अभिमान वाटायचा. आता वाटतं, त्याने पहिल्याच फटक्याला सामान बांधायला हवं होतं.

तिसरं वर्ष म्हणजे १९९८. सेमीफायनलच्या आदल्या शुक्रवारी मॅच नव्हती. बापूंनी कंपनीची पिकनिक काढली होती, वाळवंटात, शामियाना वगैरे लावून. शामियान्याचे खुंट कमी पडले. बापू स्टोअरकीपरला म्हणाले, "मोहिद्दीन, वो क्रिकेट का थैला है ना, उसमें से निकालो." मोहिद्दीनने अठरा खिळे काढले. मी तिथेच पिकअपमध्ये गुंडाळलेली पडले होते, सगळं ऐकत होते. पिकनिक झाली, बिर्याणी झाली, शामियाना उतरवला, आणि माझे अठरा खिळे तंबूच्या पिशवीत जाऊन गोदामाच्या फळीवर पडले. ते परत आणायचं कोणाच्या लक्षात राहिलं नाही.

सेमीफायनलच्या सकाळी रणजितने पिशवी उपडी केली. सहा खिळे पडले.

"बापू, सहाच आहेत. बाकीचे कुठे गेले?"

बापूंना तेव्हा आठवलं. त्यांचा चेहरा मी खालून बघत होते, चांगलंच आठवलं. "अरे, राहिले वाटतं पिकनिकच्या सामानात," ते हळूच म्हणाले. "कडेला दगड ठेव, पाण्याचे कॅन ठेव. होतंय सगळं."

"मध्ये सुरकुती पडेल. अर्धा तास थांबू, कोणीतरी गोदामातून घेऊन येईल."

"चीफ गेस्ट आलेत रे. मग नमाजाआधी मॅच कशी संपणार? इन्शाल्ला काही होत नाही. यल्ला, टॉसला जा."

तो गेला. ही त्याची चूक, आणि ती मी त्याच्या नावावर धरते. कॅप्टनने तिथेच पाय रोवायला हवे होते.

पहिली तीस ओव्हर मी कशीबशी अंग ताणून धरलं. मग वाळू तापली, बॉलरच्या पावलांनी मी सरकत गेले, आणि माझ्या पोटावर एक बारीक सुरकुती उठली. बोटभर उंचीची. रणजित तेव्हा चव्वेचाळीसवर खेळत होता. बॉल बरोबर त्या सुरकुतीत शिरला, उसळायच्या ऐवजी सरपटला आणि त्याच्या बॅटखालून मिडल स्टंपवर गेला. त्याने वळून स्टंपकडे पाहिलंच नाही. माझ्याकडे पाहिलं. मग बुटाने ती सुरकुती हलकेच सपाट केली आणि चालू लागला. मित्रांनो, मी मॅट आहे, मला आसवं नाहीत, नाहीतर मी तेव्हा रडले असते. बाकीची टीम पुढच्या पंचवीस रनांत आटोपली.

मॅच संपल्यावर सगळे माझ्यावरच बसले, जसे तुम्ही आत्ता बसला आहात. डबे उघडले. आणि सुरू झालं. उचलली जीभ, लावली टाळ्याला.

"तीन वर्षं, हबीबी! तीन वर्षं झाली." हा चारुदत्त.

"लीग मॅचला वाघ, सेमीला शेळी."

"प्रेशर घेता येत नाही त्याला. नवा कॅप्टन बघा आता. खलास."

आणि ज्या जागी सुरकुती पडली होती, बरोबर त्याच जागी बापू मांडी घालून बसले होते. संत्रं सोलत होते. रणजित चार पावलांवर पॅड सोडत उभा होता आणि तो फक्त बापूंकडे बघत होता. कप गेला होता, कॅप्टनशिप जाणार हेही दिसत होतं. त्याला त्यातलं काही नको होतं. एक वाक्य हवं होतं. "खिळे मी नेले होते." बस, इतकंच. तेवढ्यावर तो पुढची दहा वर्षं या लोकांसाठी खेळला असता.

बापूंनी संत्र्याची फोड तोंडात टाकली. बी बाहेर काढून माझ्यावर टाकली. म्हणाले, "बोलायला वाईट वाटतं, पण मोठ्या मॅचचा माणूस नाही तो."

मी दगडाखाली चिरडले गेले आहे, उंटाने माझ्यावर घाण केली आहे, पण त्या बीसारखी किळस मला कधी आली नाही.

हळूहळू सगळे पांगले. मला गुंडाळायला कोणीच थांबलं नाही. बाप आणि नऊ वर्षांची लेक, दोघंच. ओवी म्हणाली, "पपा, व्हाय डिडन्ट यू टेल देम?"

"सांगायचं काम माझं नव्हतं, बाळा."

"बट दे आर सेइंग बॅड थिंग्ज अबाउट यू."

"म्हणू दे. सहा खिळ्यांवर खेळायला मीच उतरलो ना?" तो म्हणाला. मग त्याने ते सहा खिळे पुसून माझ्याच घडीत ठेवले आणि फळी लावून मला ढकलत ढकलत बापूंच्या पिकअपमध्ये चढवलं. पुढच्याच महिन्यात तो रुवैसला निघून गेला.

त्याच्यामागे टीम दोन वर्षं भाड्याच्या मॅटवर रखडली, मला उचलायला कोणी आलंच नाही, आणि मग बंद पडली. नवा कॅप्टन चारुदत्त होता, पुढे काय सांगायचं! मी गोदामात उभी. समोरच्या फळीवर तंबूची पिशवी, तिच्यात माझे अठरा खिळे, माझ्या वरच्या टोकापासून हाताच्या अंतरावर. चार वर्षं आम्ही एकमेकांकडे बघत होतो. बापूंकडे गावाकडून पाहुणे आले, की चहा पिताना विषय निघायचाच. "आमच्याकडे एक होता हो, बॅटिंग काय सुंदर! पण मोठी मॅच आली की हातपाय गळायचे." दर वेळी तीच गोष्ट, दर वेळी चव घेऊन. पहिल्यांदा ते खोटं बोलले ते लाजेने, हे मी समजू शकते. पण पुढे पुढे त्यांना ते खरंच वाटू लागलं. या गोष्टीचा मला सगळ्यात जास्त तिटकारा आहे. अशी माणसं आतून वाळवीने खाल्लेल्या काथ्यासारखी होतात, वरून वीण शाबूत दिसते.

गेल्या वर्षी एका सकाळी गोदामाच्या दारात रणजित उभा. केस पिकलेले, शेजारी ओवी, आता त्याच्या कानाएवढी उंच. म्हणाला, "बापू, रुवैसच्या कॉलनीत पोरांना शिकवतो. जुनी मॅट असली तर न्यायला आलो."

"अरे, ने ना! तुझीच आहे ती," बापू खुशीत म्हणाले. "मोहिद्दीन, खोलो उसको."

मोहिद्दीनने मला जमिनीवर उलगडलं. घडीतून सहा खिळे खणखणत फरशीवर पडले, लाल डोक्यांचे. मोहिद्दीनने ते उचलले, निरखून पाहिले, आणि शिडी लावून फळीवरची तंबूची पिशवी काढली. "बापूसेठ, इसका बाकी इधर है. पिकनिक में आपने निकलवाया था." त्या बिचाऱ्याच्या मनात काही नव्हतं. त्याने नीट एका रांगेत सगळे मांडले.

ओवीने मोजले. "ट्वेंटी-फोर, पपा."

रणजित बापूंकडे बघत होता, अगदी तसाच, चार पावलांवरून. रागाने नाही. वाट बघत. चार वर्षांनी तेच एक वाक्य पुन्हा दारात येऊन उभं होतं, आणि आता तर कप नव्हता, टीम नव्हती, ऐकायला चारचौघं नव्हते. बोलायला काही म्हणता काही लागत नव्हतं.

बापूंनी चोवीस खिळे पाहिले. घसा खाकरला.

"चहा घेणार?" ते म्हणाले.

"नको," रणजित म्हणाला. त्याने माझं एक टोक खांद्यावर घेतलं, दुसरं मोहिद्दीनने, आणि चौघांचं ओझं दोघांनी ओढत नेलं. ओवीने खिळ्यांची पिशवी घेतली.

तर मित्रांनो, अशी मी तुमच्याकडे आले. मला ऊन लागतं, वाळवी लागते, मला झटकून गुंडाळत जा, हे सांगायचं होतंच, पण ते राहू दे. आजची गोष्ट बोलू. इशिता अडतीसवर आउट झाली तो बॉल माझ्यावरच पडला. चांगला बॉल होता, ती जरा उशिरा खेळली. तिची तेवढी चूक आहे आणि ती तिला माहीत आहे. पण अकराव्या ओव्हरला कोणाच्या हातातून कॅच निसटला, आणि नॉन-स्ट्राइकला झोपा काढत कोण रन-आउट झालं, हेही मला माहीत आहे. तुम्हालाही आहे. तुमच्यातले दोघं जण मघापासून माझे दोरे उपसत खाली बघून बसले आहेत. आवाजही त्यांचाच मोठा होता.

आणि ते बघा, रणजित सर माझ्या कडेला खिळ्यांची पिशवी घेऊन उभे आहेत. खिळे केव्हाच मोजून झालेत, चोवीसच्या चोवीस आहेत. तरी ते उभे आहेत. ते तुम्हाला एका शब्दाने सांगणार नाहीत, त्यांची सवयच तशी आहे. ते वाट बघतायत.

उठा आता माझ्यावरून. कूलरपर्यंत तीस पावलं आहेत. जा, आणि जे बोलायचं ते तिच्या तोंडावर बोला. फक्त तिला समोसा हवा का, असं विचारून परत येऊ नका.