उंबरठ्याचं पाणी

मित्रांनो, मी एक जुना तापमापक आहे. पण तापलेल्या माणसाच्या काखेत मी कधी गेलो नाही. माझी जागा तलावात. काचेच्या नळीत पारा, वरून पितळी कवच आणि कडीला लांब दोरी. काचकाम करणाऱ्या एका म्हाताऱ्याने मला घडवलं आणि गळाने मासे धरायची आवड असलेल्या एका सुताराने मला घरी आणलं.

सुतार होडी वल्हवायचा. त्याची बायको समोरच्या फळीवर बसून मला पाण्यात सोडायची. उन्हाळ्यात वरचं पाणी तापतं. तळाचं गार असतं, पण तिथे माशांना श्वास पुरत नाही. मध्ये एका जागी पाणी एकदम गार होऊ लागतं. मासे तिथेच जमतात. त्या जागेला ती 'उंबरठा' म्हणायची. दोरीच्या गाठींवरून तिला खोली कळायची. मला वर काढताच ती आकडा मोठ्याने वाचायची, कारण हवेत पारा लगेच चढतो.

"वर कसं आहे?" सुतार विचारायचा.

"तुमच्या डोक्यासारखं. तापलेलं."

"आणि खाली?"

"सासूबाईंच्या स्वागतासारखं. गारेगार! टाका आता उंबरठ्यावर गळ, बघत काय बसलात?"

शेजारी तिला पाण्याची डॉक्टरीण म्हणत. तेव्हा माझंही कवच चकचकीत असायचं.

मग एका आजारपणात ती गेली. मी खुंटीवर लटकलो. माझ्यावर लाकडाचा भुसा साठला.

पुढल्या उन्हाळ्यात सुताराने मला पुन्हा तलावावर नेलं. तो मला बुडवायचा, वर काढायचा आणि समोरच्या रिकाम्या फळीपुढे धरून वाट बघायचा. गळ कोरडाच राहायचा. खोटं वाटेल तुम्हाला, पण त्या फळीपुढे भर उन्हात माझा पारा उतरायचा.

रोज तो मला अधिक खोल सोडू लागला. उंबरठा ओलांडून, पार चिखलापर्यंत. स्वतः इतका वाकायचा की होडी एका बाजूला कलायची. तो तिथे मासे शोधत नव्हता.

हे कानावर गेलं तशी त्याची मुलगी आली. होडीत चढून ती फळीवर बसायला गेली.

"तिथं नको, बाळ. आई बसलीय."

ती होडीच्या तळाशी बसली. सुताराने मला सोडलं. मी चिखलाला टेकलो, तो होडीच्या काठावरून वाकला. तिने एका हाताने त्याचा सदरा धरला, दुसऱ्याने दोरी.

"बाबा, उंबरठा मागे राहिला. इतक्या खाली कोणी जगत नाही."

"आईला विचार."

"विचारलं. ती म्हणाली, यांना वर घे."

तिने मला उंबरठ्यापर्यंत ओढलं, जरा थांबली, मग बाहेर काढून आकडा मोठ्याने वाचला. सुतार फळीकडे बघत राहिला. कितीतरी वेळाने त्याने गळाला आमिष लावलं.

मित्रांनो, आम्हाला आपटू नका, कोरडं पुसून ठेवा, हे तुम्हाला कोणीही सांगेल. मी आणखी एक मागतो. ज्याचं माणूस गेलंय, त्याला 'ते आता नाही' असं समजावत बसू नका. त्याच्याजवळ बसा. त्याच्या हातात दोरी असेल, तर तुम्हीही धरा.