साइडकारमधलं वजन

साइडकारच्या तळाच्या पत्र्यातलं एक रिव्हेट कधीतरी गळून पडलं होतं आणि तिथे मसुरीच्या दाण्याएवढं भोक राहिलं होतं. गाडी हळू चालली की त्यातून नुसता उजेड यायचा. वेग वाढला की त्याच भोकातून धुळीची बारीक धार वर उठायची, कामठीच्या रस्त्यावर तांबडी, काटोलच्या बाजूला करडी, आणि नेमकी उजव्या पायाच्या जोडव्यांवर बसायची. डावं पाऊल बरंचसं स्वच्छ राहायचं. शामलेने हे इतक्यांदा पाहिलं होतं की घरी परतल्यावर नुसत्या उजव्या पायाकडे बघून ती सांगू शकली असती, आज कुठून आलो आणि मधुसूदनराव किती घाईत होते.

गाडी विलायती होती. उजवीकडे मोटारसायकल, तिच्या डाव्या अंगाला लोखंडी सांगाड्यावर बसवलेली होडीच्या आकाराची साइडकार, आणि तिला तिचं एकटं चाक. कामठीच्या छावणीतला एक गोरा कप्तान मायदेशी परतताना ती विकून गेला होता. मधुसूदनरावांकडे तेलावर चालणाऱ्या, विहिरीचं पाणी उपसणाऱ्या इंजिनांची एजन्सी होती. काटोल, कळमेश्वर, सावनेर, कन्हान, जिथे म्हणून संत्र्याच्या बागा तिथे त्यांचे दौरे. रामदासपेठेत त्यांच्या घरापुढे ही गाडी पहिल्यांदा उभी राहिली, तेव्हा आजूबाजूची निम्मी वस्ती बघायला आली होती.

सुरुवातीला शामला हौसेने बसायची. हिवाळ्याच्या सकाळी, सरळ रस्त्यावर, गुडघ्यांवर शाल घेऊन त्यात बसणं खरोखर सुखाचं होतं. मग एकदा मधुसूदनराव एकटेच कळमेश्वरला निघाले. डावीकडच्या वळणावर रिकामी साइडकार जमीन सोडून वर उठली आणि गाडी सरळ तुरीच्या शेतात शिरली. कोपर सोलून घरी आले ते हसतच. "इंजिनाला काही झालं नाही," हे त्यांचं पहिलं वाक्य.

त्यानंतर शामला प्रत्येक दौऱ्यावर जाऊ लागली. तसं कुणी ठरवलं नव्हतं. ती सायन्स कॉलेजातून पदार्थविज्ञान घेऊन बी.एस्सी. झालेली. वळण घेताना भार बाहेरच्या बाजूला का ओढला जातो हे तिला ठाऊक होतं, तिनेच ते पाटीवर आकृती काढून नवऱ्याला समजावलं होतं. डावं वळण आलं की डावीकडे कलायचं, अगदी चाकावरच्या पत्र्याच्या पंख्यावर कोपर टेकेपर्यंत. उजवं आलं की इंजिनाकडे. पुढे पुढे मधुसूदनराव वळणाआधी नुसती मान हलवत. त्याच्याही पुढे मान हलवणंही थांबलं. ती आपोआप कलत असे, डुलकी लागलेली असली तरी.

दुपारी ते बागाईतदाराबरोबर विहिरीत डोकावत असत तेव्हा ती झाडाखाली बसून राही. गावच्या बायका येऊन गाडीभोवती फिरत. कुणी म्हणे हा पाळणा आहे, कुणी म्हणे डोली. एका म्हातारीने तर तिच्या दंडाला हात लावून विचारलं होतं, "पायानं अधू हायेस का वं माय? नवरा असा घिऊन फिरते म्हून इचारलं." शामला हसली होती. संध्याकाळी मात्र ते वाक्य तिला सगळ्या रस्ताभर आठवत राहिलं.

यमुताईंनी पहिल्यांदा विचारलं त्याला आता दोन हिवाळे झाले होते. मुलींच्या शाळेच्या त्या मुख्याध्यापिका. शाळेला विज्ञान शिकवायला बाई मिळत नव्हती. शामला म्हणाली होती, एवढा हंगाम जाऊ द्या. हंगाम गेला, दुसरा आला. मधुसूदनरावांपाशी तिने विषय काढला तेव्हा ते मनापासून म्हणाले, "घे ना! चांगलंच आहे. फक्त दौऱ्यांचं काय करायचं ते बघू. पुढच्या वर्षी बघू." त्यांना तिच्या शिकण्याचं कौतुक होतं, पाहुण्यांना ते आवर्जून सांगत. त्यामुळे तिला भांडताही आलं नाही.

गेल्या आठवड्यात यमुताई स्वतः घरी आल्या. चहा अर्धा ठेवून म्हणाल्या, "शामला, सोमवारी ये. नाही आलीस तर जबलपूरची एक मुलगी आहे, तिला बोलावते. माझा राग नाही गं, पण मुलींना किती दिवस नुसतं पुस्तक वाचून दाखवायचं?"

शामला म्हणाली, "सांगते."

आज रविवार होता, आणि तिने अजून कुणालाच काही सांगितलं नव्हतं.

दुपार कलता कलता फाटकाशी टांगा थांबला. कन्हानच्या पलीकडचे मालगुजार चंद्रभानजी, डोक्याला केशरी फेटा, आणि मागून त्यांची बायको रंभाबाई. गेल्या वर्षी त्यांनी मधुसूदनरावांकडून इंजिन घेतलं होतं, आता त्यांना अशीच गाडी घ्यायची होती. घेण्याआधी वापरणाऱ्याच्या तोंडून ऐकावं म्हणून नवराबायको दोघंही आगगाडीने नागपूरला आले होते.

"मधुसूदनभाऊ, खरं खरं सांगजा," चंद्रभानजी चाकाला लाथ मारून बघत म्हणाले. "दुकानवाला त गोडच सांगते."

मग मधुसूदनराव सांगू लागले. तीन चाकं म्हणून पडायची भीती नाही. दोन माणसं, डबे, इंजिनाचे सुटे भाग, सगळं मावतं. नदीच्या वाळूतूनही निघते. मोटारीइतकं तेल पीत नाही. शामला ओट्यावर रंभाबाईंना पाणी देत ऐकत होती. यातला एकही शब्द खोटा नव्हता.

"बसून पायतो," चंद्रभानजी म्हणाले आणि साइडकारमध्ये उतरले. उतरले म्हणजे अडकलेच. आधी एक पाय, मग फेटा सावरणं, मग दुसरा पाय, आणि शेवटी सगळं अंग एकदम. तळ खालच्या सांगाड्यावर ठक्कन आपटला.

"बापा! मोडली का काय गा?"

"नाही, नाही," मधुसूदनराव घाईने म्हणाले. "चला, एक चक्कर मारू."

ते वळणापर्यंत जाऊन आले. येताना प्रत्येक खड्ड्याला ठक्क, ठक्क ऐकू येत होतं आणि पंख्याला घासल्याचा करकर आवाज. चंद्रभानजी उतरले ते कंबर धरून. "माह्या बुडाची त चटणी झाली!"

रंभाबाईंनी तोंडाला पदर लावला. "मी घरून निंघतानी सांगत होती, दोन भाकरी कमी खा म्हून."

"तू गप वं! भाऊ, तुम्ही त म्हनत होते, पाळण्यावानी हाय म्हून."

मधुसूदनराव हसले, जरा लाजले देखील. "त्याचं काय आहे, तुमची चूक नाही. मागच्या महिन्यात मी सीताबर्डीच्या नत्थूजी लोहाराकडून स्प्रिंगचा एक पाटा काढून घेतला. आमची ही हलकी आहे. तिला गाडी फार उडवायची, पाठ दुखते म्हणायची. आता तिच्या वजनाला बरोबर बसते. चाकाचा कोनही तिच्याच वजनाला लावला आहे, म्हणजे हँडल सरळ राहतं. तिला सांगितलं नव्हतं. म्हटलं, कळतंय का बघू."

शामलेच्या हातात रिकामा तांब्या होता. मागच्या महिन्यापासून पाठ कमी दुखत होती हे खरं होतं. तिला वाटलं होतं, सवय झाली.

"म्हंजे दुसरं कोनी बसलं त?" चंद्रभानजींनी विचारलं.

"जड माणूस बसला तर टेकते. आणि कुणीच नसलं तर..." मधुसूदनरावांनी तळहात तिरका करून दाखवला. "डाव्या वळणाला उठते. रिकामी नाहीच न्यायची."

"काहून? मी त एकटाच फिरन शेतावर."

"मग कुणाला तरी बसवावं लागेल."

"आन तुम्ही कोनाले बसवता?"

"ही असते की."

"दर खेपेस?"

"दर खेपेस."

रंभाबाई आता उघड हसल्या. "म्हंजे आमच्या बंडीवानीच झालं वं बाई! गाडी उलार झाली, मांगं झुकली, का पुढं धुरीवर मानूस बसवतो आम्ही. बसलेला मानूस म्हनते, मी गाडीत बसून चाललो. त्याले काय माहीत, गाडीच त्याच्यामुळं चालून राहिली!" मग हसू आवरून त्यांनी शामलेकडे निरखून पाहिलं. "मले बसा लागन त्याच्यात. तुम्हीच सांगा, कशी लागते?"

"हो, हो, सांग ना," मधुसूदनराव म्हणाले. "ही सगळं बारकाईने बघते."

शामलेने तांब्या खाली ठेवला. कुणी प्रश्न विचारला की नीट उत्तर द्यायचं, ही तिची कॉलेजातली सवय.

"सकाळी, थंडीत, सरळ रस्ता असला तर चांगली लागते," ती म्हणाली. "पाय पसरता येतात. वारा काचेमुळे तोंडावर येत नाही. पण बसायची जागा रस्त्याच्या फार जवळ आहे, म्हणून पुढच्या गाडीची सगळी धूळ आपल्याच अंगावर. इंजिनाची साखळी आपल्या बाजूला आहे, तिचं तेल उडतं. उजव्या बाजूला चांगलं लुगडं येऊ देऊ नका. या चाकाला वेगळी स्प्रिंग नाही, त्यामुळे खड्डा चाकाला बसला की तो थेट मणक्याला बसतो. पाटा काढला तरी तो बसतोच, थोडा हळू. आणि या चाकाला ब्रेकही नाही. एकदम ब्रेक दाबला की गाडी थांबते आणि आपण बसलेला भाग पुढे जायला बघतो. हँडल उजवीकडे ओढलं जातं. चंद्रभानजी, तुम्ही हळूच दाबत जा."

"आन बोलता येते का एकमेकाशी?" रंभाबाईंनी विचारलं.

शामला म्हणाली, "नाही. इंजिन मधे असतं. ते काहीतरी बोलतात, मी मान हलवते. मी बोलले तर त्यांना ऐकू जात नाही."

"हे त बरंच हाय," चंद्रभानजी म्हणाले, आणि सगळे हसले. रंभाबाईही हसल्या, पण नवऱ्याच्या दंडाला चिमटा काढून.

"तक्रारी बघा किती," मधुसूदनराव कौतुकाने म्हणाले. "पण एक दौरा चुकवला नाही हिने. ताप असताना सावनेरला आली होती."

"मंग घ्याव का नाई, बाई?" चंद्रभानजींनी शेवटी विचारलं.

"घ्या," शामला म्हणाली. "पण स्प्रिंग रंभाबाईंच्या वजनाला लावू नका."

चंद्रभानजींना ते नीटसं समजलं नाही. रंभाबाईंना समजलं असावं, कारण कुंकू लावून घेताना त्यांनी शामलेचा हात जरा जास्त वेळ धरून ठेवला. टांग्यात बसताना नवऱ्याला त्या म्हणत होत्या, "आपली दमणी काय वाईट हाय? बैलं तरी दोन असतात."

टांगा वळला. ऊन ओट्यावरून उतरलं होतं. मधुसूदनरावांनी बाह्या सारल्या आणि गाडीपाशी उकिडवे बसून ते घासलेला पंखा बोटाने चाचपू लागले. शामला पायरीवर टेकली. तिला काही करावंसं वाटत नव्हतं. पाहुण्यांच्या चहाच्या कपबशा आत न्यायच्या होत्या, त्याही तिथेच राहिल्या. हे थकणं आजचं नव्हतं. ते कधी सुरू झालं हे तिला सांगता आलं नसतं, आणि इतर बाबतीत तिला बहुतेक गोष्टी कधी सुरू झाल्या ते सांगता येत असे.

"विशेष काही नाही, थोडा वाकलाय," ते म्हणाले. "उद्या उजाडताच निघू. काटोलला महादेवराव वाट बघत असतील, त्यांना तीन विहिरी दाखवायच्या आहेत. मुक्काम करावा लागेल. शाल घेऊन ठेव."

शामला पंख्यावरच्या ओरखड्याकडे बघत होती.

"तुझी पाठ कशी आहे आता? खरं सांग, फरक पडला की नाही?"

"पडला."

"बघ!" त्यांचा चेहरा उजळला. ते रुमालाला हात पुसत तिच्याजवळ येऊन बसले. "तुला गंमत सांगू? मधे तुझ्या तापाच्या वेळी मला वाटलं होतं, तुला किती त्रास द्यायचा. तू झोपली होतीस तेव्हा मी वाळूचं पोतं भरून पाहिलं. तोलून, अगदी तुझ्या वजनाचं. तेलंगखेडीच्या रस्त्यावर नेऊन आणलं."

तिने मान वळवून त्यांच्याकडे पाहिलं. "मग?"

"नाही जमलं. सरळ रस्त्याला ठीक. पण वळणावर पोतं नुसतं बसून राहतं. कलत नाही. पोत्याला कुठे कळतं, वळण आलंय म्हणून?" ते हसले. "मग आपलं सावनेरला तुलाच नेलं, अंगावर घोंगडी टाकून. तुझ्यासारखं कुणी कलत नाही."

हे त्यांनी इतक्या प्रेमाने म्हटलं की तिला राग येईना. ती त्यांच्या हातांकडे बघत राहिली. नखांत तेल होतं. हे हात वाईट नव्हते. तिच्या पाठीसाठी त्यांनी लोहाराकडे खेटे घातले होते, तिच्यासाठी पोतं भरलं होतं, तोललं होतं. तापातल्या बायकोला घरी ठेवता यावं म्हणून एवढं सगळं केलं, आणि ते जमलं नाही तेव्हा तापातल्या बायकोला नेलं. दौरा एक दिवस पुढे ढकलावा, हे त्यांच्या मनात आलं नव्हतं. आणि तिच्याही आलं नव्हतं. तिनेच तर उठून वेणी घातली होती.

ते उठले. "चल, दिवाबत्तीच्या आत जरा साखळीला तेल देतो."

"अहो."

"काय गं?"

"चाकाचा कोन बदलून घ्या. पाटाही परत बसवा."

"का? आत्ताच तर म्हणालीस, फरक पडला."

"पडला. पण आता दुसरं कुणीतरी बसेल. नाहीतर साइडकार काढून ठेवा, नुसती दुचाकी चालवा. तुम्हाला येते चालवता."

मधुसूदनराव तेलाची कुपी हातात धरून उभे राहिले. "आणि तू?"

शामला उठली. आवाज चढला नव्हता, थरथरलाही नव्हता. फक्त दमलेला होता.

"मी उद्या काटोलला येणार नाही," ती म्हणाली. "उद्यापासून मी यमुताईंच्या शाळेत शिकवायला जाणार आहे."