अठ्ठेचाळिसावं नाव

“सत्तेचाळीस? अरे फाउस्तो, सत्तेचाळिसाला भाग कशाने जातो?” ओत्तोरिनोने यादी परत त्याच्या हातात कोंबली. “एकाने आणि सत्तेचाळिसाने. संपलं. आता एकाखाली एक नावं कोरत तळघरापर्यंत जाऊ का?”

फाउस्तो नगरपालिकेत कारकून. संगमरवराच्या खाणींत मेलेल्यांची पाटी रविवारी चर्चच्या भिंतीवर बसवायची होती आणि सगळे रकाने सारखे हवेत, असा स्मारक समितीचा हट्ट होता. ओत्तोरिनो पाचवीपुढे शिकला नव्हता. पण तीस वर्षं दगडावर अक्षरं कोरून त्याला एक सवय लागली होती. आकडा दिसला की आधी तो रोमन अंकांत मांडायचा, मग त्याचे विभाजक काढायचा आणि त्यानंतरच छिन्नी उचलायचा. या कामात त्याचा हात धरणारा पंचक्रोशीत कुणी नव्हता आणि हे तो स्वतःच सगळ्यांना सांगायचा.

“मग दोन नावं कमी करा की, काका. पाच नवे पंचेचाळीस.”

“वा रे गणिती! कुठली दोन? सांग, म्हणजे त्यांच्या बायकांना तुझ्याच दारात पाठवतो.”

“बरं, सहा आठे अठ्ठेचाळीस करा. उरलेल्या जागेत एखादं फूल काढा.”

“फूल कशाला? माणूस आहे की.”

ओत्तोरिनोने तांबड्या खडूने दगडाच्या माथ्यावर XLVII लिहिलं आणि शेवटी आणखी एक उभी रेघ ओढली. XLVIII. “बघ, माणूस वाढवायला एवढंच लागतं.”

“तुल्लिओ ना?” फाउस्तोचा आवाज खाली आला. “काका, त्याच्यासाठी भोंगा वाजला नव्हता.”

डोंगरावर कुणी मेलं की भोंगा वाजायचा आणि सगळ्या खाणी बंद पडायच्या, हा गावचा रिवाज. यादी त्या भोंग्यांवरूनच केलेली. तुल्लिओला दगडाखालून जिवंत काढलं होतं. तो अकराव्या दिवशी घरी, खाटेवर वारला. तेव्हापासून दर वर्षी मृतांच्या दिवशी चर्चमध्ये नावं वाचली जात आणि त्याची बायको आर्जिया शेवटच्या बाकावर बसून न आलेलं नाव ऐकत असे.

“भोंगा मीच वाजवायचो,” ओत्तोरिनो म्हणाला. “त्या सकाळी बातमी आली. माझा हात भोंग्यापर्यंत गेला होता. मुकादम म्हणाला, घरचं मरण आहे, राहू दे. मी राहू दिलं. त्याच वर्षी खाण सोडली, पण लाज काही सुटली नाही बघ.”

“आणि समिती नाही म्हणाली तर?”

“तर समितीने यावं आणि रेघ बुजवावी. संगमरवरातली रेघ कशी बुजवतात, ते मलाही एकदा बघायचंय.”

त्याने छिन्नी टेकवली आणि सगळ्यात आधी ती शेवटची रेघच कोरायला घेतली. मग फाउस्तोने खिशातून पेन काढलं आणि यादीच्या तळाशी स्वतःच्या अक्षरात तुल्लिओचं नाव लिहून खाली सही ठोकली.

शनिवारी दुपारी आर्जिया आली. डोळे अधू झालेले. नावं मरणाच्या तारखांप्रमाणे लावली होती; ओत्तोरिनोने तिचा हात धरून चौथ्या रकान्यात, पाचव्या ओळीवर ठेवला. तिने प्रत्येक अक्षरावरून सावकाश बोट फिरवलं.

“शेजारी कोण आहे?”

“अदेल्मो.”

“बरं झालं बाई. दोघांचं पटायचं.”

तिने डोक्याचा रुमाल सोडला, तुल्लिओच्या नावावरची धूळ पुसली, मग अदेल्मोच्या. आणि मग पहिल्या रकान्यापाशी जाऊन ती वरच्या नावापासून सुरू झाली.